गाळाचें वय

घरांतलें पाणी मोरींतून एकदां वाहून गेलें, म्हणजे त्याची आठवण सहसा कोणी ठेवीत नाहीं. नळाचें पाणी कोणत्या तलावांतून येतें हें शहरांतल्या लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु तेंच पाणी आंघोळ, भांडीं, धुणें आणि शौच हीं कामें आटोपून पुढें कोठें जातें, हा प्रश्न घरांत क्वचितच निघतो. आणि तरीही गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत मनुष्यानें जीं मोठीं कामें केलीं, त्यांत ह्या टाकलेल्या पाण्यास पुन्हां पाण्याची योग्यता आणून देण्याचें काम गणावें लागेल. त्या कामाचा इतिहास वरवर पाहतां यंत्रांचा दिसतो. मुळांत मात्र तो दोन गोष्टींचा इतिहास आहे : डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंना कामास लावणें, आणि कामास लागलेल्या जंतूंना हातचे जाऊं न देणें. पहिली गोष्ट लवकर साधली. दुसरी पुरतेपणीं साधण्यास बहुतेक एक शतक लागलें.

१८५८ च्या उन्हाळ्यांत लंडन शहरीं थेम्स नदीला इतकी दुर्गंधि सुटली, कीं नदीकांठच्या पार्लमेंटांत सभासदांना बसणें कठीण झालें. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट ह्या इंजिनियरच्या देखरेखीखालीं तेथें मोठीं भुयारी गटारें बांधण्यांत आलीं, आणि शहराचें मैलापाणी दूर, नदीच्या खालच्या अंगास नेऊन सोडलें जाऊं लागलें. शहर सुटलें, नदी सुटली नाहीं. हें मैलापाणी शेतांत सोडावें, चुना घालून त्याचा सांका बसवावा, खडीच्या थरांवरून तें झिरपवावें, असे नाना उपाय इंग्लंडांत गांवोगांवीं करून पाहण्यांत आले. त्यांपैकीं कांहीं लागू पडत. पण ते कां लागू पडतात, हें कोणास सांगतां येत नसे. पुष्कळांची समजूत अशी, कीं हवेंतला प्राणवायु घाणीस जाळून टाकतो आणि हें सारें साधें रासायनिक ज्वलन आहे.

ही समजूत १८७७ सालीं फ्रान्समध्यें मोडली. श्लोझिंग व म्यूंत्स ह्या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं वाळू आणि चुनखडी ह्यांनीं भरलेल्या एका लांब नळींतून मैलापाणी हळूहळू झिरपत ठेवलें. सुमारें वीस दिवस कांहींच घडलें नाहीं. वरून ओतलेला अमोनिया तसाच खालीं येत होता. मग एकाएकीं अमोनियाच्या जागीं नायट्रेट दिसूं लागलें. त्यावर त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हां काम थांबलें. पुढें थोडी माती पाण्यांत कालवून तें पाणी नळींत घातलें, तेव्हां काम पुन्हां सुरू झालें. रासायनिक ज्वलनास वीस दिवस वाट पाहण्याचें कारण नव्हतें, आणि क्लोरोफॉर्मनें त्यास गुंगी येण्याचेंही कारण नव्हतें. नळींत कोणी तरी जिवंत राबत होतें, हें उघड झालें.

तें कोण, ह्याचा शोध १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें झूरिच येथें लावला. अमोनियाचें नायट्रेट एका उडींत होत नाहीं. एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करतात, असें त्यानें दाखविलें. ह्या जंतूंची राहणी मोठी काटकसरीची. घाणींतले सडके पदार्थ हें त्यांचें अन्न नव्हे. अमोनियापासून मिळणाऱ्या थोडक्या शक्तीवर त्यांना आपलें शरीर घडवावें लागतें. म्हणून त्यांची वाढ मंद असते. हा मंदपणा पुढच्या सर्व कथेचें मूळ आहे.

इंग्लंडांत १८९८ सालीं मैलापाण्याच्या विल्हेवाटीची चौकशी करण्यासाठीं एक रॉयल कमिशन नेमण्यांत आलें. त्याचा आठवा अहवाल १९१२ सालीं प्रसिद्ध झाला. नदींत सोडावयाच्या पाण्याच्या दहा लक्ष भागांत तरंगती घाण ३० भागांहून अधिक नसावी, आणि तें पाणी पांच दिवसांत जो प्राणवायु शोषून घेईल तो २० भागांहून अधिक नसावा, असें माप त्यानें घालून दिलें. नदीच्या दुःखाला आंकड्यांत मोजण्याची ही रीति होती. परंतु खडीच्या गाळण्या वापरून हें माप गांठावयाचें, तर मोठ्या शहराला एकरच्या एकर जमीन हवी. जमीन नसलेल्या शहरांनीं काय करावें, ह्याचें उत्तर अहवालांत नव्हतें.

तें उत्तर मँचेस्टरमध्यें मिळालें. कापसाच्या गिरण्यांचें हें शहर. त्याच्या मैलापाण्याचें शुद्धीकरण डेव्हीह्यूम येथें, जहाजांच्या मोठ्या कालव्याच्या कांठीं होत असे. ह्या कामाचे सल्लागार गिल्बर्ट फौलर हे १९१२ सालीं अमेरिकेंत गेले असतां मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील लॉरेन्स येथील प्रयोगशाळा त्यांनीं पाहिली. हवा फुंकलेल्या मैलापाण्यांत जंतूंची वाढ राखली, तर तें अधिक लवकर शुद्ध होतें, असें तेथें दिसून येत होतें. फौलर परतले ते हा विचार मनांत घेऊनच. त्यांनीं स्वतः खाणीच्या पाण्यांतून मिळालेला एक जंतु निवडून त्यावर प्रयोग चालविले. त्या जंतूला त्यांनीं ‘एम् ७’ अशी खूण दिली होती. एखादा एकच पराक्रमी जंतु हातीं लागावा आणि त्यानें सारें काम उरकावें, ही आशा त्या काळास साजेशी होती. पण यश आलें तें निराळ्याच वाटेनें.

डेव्हीह्यूमच्या प्रयोगशाळेंतील एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट ह्या दोघांनीं कांचेच्या बाटल्यांत मैलापाणी घेतलें, शेवाळ धरूं नये म्हणून बाटल्यांस उजेडापासून आड ठेवलें, आणि त्यांत सतत हवा सोडली. पहिल्या खेपेस अमोनियाचें पुरतें नायट्रेट होण्यास सुमारें पांच आठवडे लागले. व्यवहाराच्या दृष्टीनें हा प्रयोग फसलाच म्हणावयाचा. पांच आठवडे सांठवून ठेवण्याइतक्या टाक्या कोणतें शहर बांधील? हवा फुंकण्याचे प्रयोग त्यांच्यापूर्वींही अनेकांनीं केले होते आणि ते ह्याच ठिकाणीं येऊन थबकले होते. आर्डर्न व लॉकेट ह्यांनीं पुढें जें केलें, तें सांगावयास अगदीं क्षुल्लक आहे. त्यांनीं बाटली स्थिर ठेवली, तळाशीं तपकिरी गाळ बसूं दिला, वरचें निवळ पाणी ओतून टाकलें, आणि गाळ न टाकतां त्याच बाटलींत नवें मैलापाणी भरलें. ह्या वेळीं काम लवकर झालें. पुन्हां तसेंच केलें. आणखी लवकर झालें. अशा आवृत्त्या होतां होतां गाळ वाढत गेला आणि वेळ घटत गेला. अखेर पांच आठवड्यांचें काम चोवीस तासांच्या आंत होऊं लागलें.

३ एप्रिल १९१४ रोजीं मँचेस्टर येथील एका शास्त्रीय सभेपुढें त्यांनीं आपला निबंध वाचला, आणि ह्या गाळाला ‘सक्रिय गाळ’ ह्या अर्थाचें नांव दिलें. शोधाचें मर्म त्या नांवांतच आहे. तोंपर्यंत गाळ ही मैलापाण्यांतली सर्वांत टाकाऊ वस्तु होती; ती कोठें पुरावी, कोणत्या समुद्रांत सोडावी, हीच विवंचना. ज्याला घाणीची घाण समजत होते, तोच कामकरी निघाला. आणि तो एकटा नव्हता. नाना जातींचे जंतु, त्यांना खाणारे एकपेशीय प्राणी, त्यांनीं सोडलेला चिकट द्रव, ह्या सर्वांची मिळून ती एक वस्ती होती. ‘एम् ७’ चें नांव आज फक्त इतिहास वाचणारास ठाऊक आहे.

ही पद्धति चकित करणाऱ्या वेगानें पसरली. त्याच १९१४ सालीं सॅल्फोर्ड येथें ती लहान प्रमाणावर सुरू झाली. १९१६ सालीं वूस्टर येथें अखंड वाहत्या पाण्यावर ती चालूं लागली. अमेरिकेंत मिलवॉकी शहरानें १९२५ सालीं सरोवरकांठीं मोठा कारखाना चालू केला, आणि गाळ वाळवून खत म्हणून विकण्यास आरंभ केला. फौलर स्वतः १९१६ सालीं बंगळूर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ह्या संस्थेंत प्राध्यापक म्हणून आले. शहरांनीं जमिनीपासून घेतलेला नत्र गाळाच्या रूपानें जमिनीस परत करावा, हा विचार त्यांनीं हिंदुस्थानांत राहून आग्रहानें मांडला.

पद्धति तर चालली. पण ती मधूनच बिघडे, आणि कां बिघडली तें कळत नसे. एखाद्या टाकींत महिनोन्महिने नायट्रेट तयार होत असे, आणि थंडी पडतांच तें बंद होई. कारखान्याचा चालक अनुभवानें कधीं हवा वाढवी, कधीं गाळ काढून टाकी. कधीं गुण येई, कधीं उलटें होई. ह्याचा उलगडा होण्यास आधीं जंतूंच्या वाढीचें गणित बसणें जरूर होतें.

तें गणित फ्रान्समध्यें जॅक मोनो ह्यांनीं १९४२ च्या आपल्या प्रबंधांत मांडलें, आणि १९४९ सालीं एका प्रसिद्ध लेखांत अधिक स्पष्ट केलें. त्याचा आशय पंगतीच्या उदाहरणानें सहज ध्यानांत येईल. वाढप तुटपुंजें असेल, तर जेवणारा किती जेवतो हें वाढप्याच्या हातावर अवलंबून. वाढप जितकें वाढेल, तितकें जेवण वाढेल. परंतु पान भरपूर वाढलेलें असलें, म्हणजे पुढें कितीही आग्रह केला तरी जेवणाराचा घांस त्याच्या स्वतःच्या गतीनेंच जाणार. जंतूंचेंही तसेंच आहे. अन्न विरळ असतांना त्यांची वाढ अन्नाच्या प्रमाणांत होते. अन्न विपुल झालें, कीं ती एका कमाल गतीवर येऊन ठरते. प्रत्येक जातीची ही कमाल गति निराळी, आणि ती गांठण्यास लागणारें अन्नाचें प्रमाणही निराळें. घाण खाणारे सामान्य जंतु कांहीं तासांत दुप्पट होऊं शकतात. अमोनियावर जगणाऱ्या जंतूंना अनुकूल परिस्थितींतही दुप्पट होण्यास एक दिवस वा त्याहून अधिक लागतो, आणि थंडींत त्याहून पुष्कळच अधिक.

येथें पाण्याचें वय आणि गाळाचें वय हीं दोन निराळीं करून पाहिलीं पाहिजेत. टाकींत पाणी राहतें तें सामान्यतः सहा-आठ तास. गाळ मात्र खालीं बसवून पुन्हां टाकींत आणल्यामुळें अनेक दिवस राहतो. समजा, टाकींत १०० किलो गाळ आहे आणि रोज त्यांतला १० किलो काढून टाकला जातो. म्हणजे गाळाचें वय १० दिवस झालें. ज्या जंतूची वाढ रोज शेंकडा १५ होते, तो अशा टाकींत खुशाल नांदेल. चालकानें रोज २० किलो गाळ काढावयास आरंभ केला, तर गाळाचें वय ५ दिवसांवर येईल. मग तोच जंतु जितका वाढतो त्याहून अधिक बाहेर जाईल, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याची वस्ती उठल्यासारखी होईल. त्यास विष कोणी घातलें नाहीं, उपासही घडला नाहीं. त्याला केवळ वेळ मिळाला नाहीं. इंग्लंडांत डाउनिंग, पेंटर व नोल्स ह्यांनीं १९६४ सालीं नत्रीकरणाच्या बाबतींत हा नियम कारखान्यास लावून दाखविला, आणि १९७० सालीं अमेरिकेंत लॉरेन्स व मॅकार्टी ह्यांनीं गाळाचें वय हें सर्व आंखणीचें मध्यवर्ती माप ठरविलें. आर्डर्न व लॉकेट ह्यांचे पांच आठवडे कोठें गेले, तें आतां उमगलें. ते आठवडे घाण शुद्ध करण्यांत गेले नव्हते. मूठभर मंद जंतूंची वस्ती उभी राहण्यांत गेले होते. ज्यांनीं प्रत्येक खेपेस गाळ फेकला, त्यांनीं प्रत्येक खेपेस ती वस्ती उठविली.

नियम कळला, तरी एक दुबळा दुवा उरलाच. गाळाचें वय राखावयाचें, तर गाळ तळाशीं बसला पाहिजे, आणि बसणें न बसणें जंतूंच्या स्वभावावर अवलंबून. तंतूंसारखे लांब वाढणारे जंतु माजले, म्हणजे गाळ कापसाप्रमाणें फुगतो, बसत नाहीं, आणि शुद्ध पाण्याबरोबर बांध ओलांडून निघून जातो. शिवाय ह्या पद्धतींत जंतूची निवड त्याच्या कामावरून होतच नाहीं. जो गोळ्यांत राहून खालीं बसेल तो राहिला. जो मोकळा तरंगेल तो गेला, मग तो कितीही कामाचा असो.

१९६० च्या सुमारास अमेरिकेंत लोब आणि सूरीराजन ह्यांनीं कृत्रिम पडदे करण्याची नवी रीति काढली, आणि पाणी गाळण्यासाठीं अतिसूक्ष्म छिद्रांचे पडदे व्यवहारांत येऊं लागले. १९६९ सालीं डॉर-ऑलिव्हर ह्या अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनीं गाळ बसविण्याची टाकीच वगळून, सक्रिय गाळ पडद्यांतून गाळून दाखविला. पाणी पलीकडे गेलें. जंतु अलीकडे राहिले. कल्पना निर्दोष होती, पण खर्च डोळे फिरविणारा. पडदे महाग, आणि ते तुंबूं नयेत म्हणून गाळ मोठ्या दाबानें व वेगानें त्यांवरून पंपानें फिरवावा लागे. वीस वर्षें ही युक्ति मोजक्या ठिकाणींच वापरांत राहिली.

१९८९ सालीं जपानांत काझुओ यामामोतो व त्यांचे सहकारी ह्यांनीं प्रश्न उलटा करून पाहिला. गाळ पडद्याकडे नेण्याऐवजीं त्यांनीं पडदाच गाळांत बुडविला. पोकळ धाग्यांच्या रूपांतला हा पडदा हवेच्या टाकींत ठेवून आंतून हलक्या ओढीनें पाणी शोषून घेतलें. टाकींत जंतूंसाठीं हवा सोडावीच लागते, तिचेच बुडबुडे पडद्याचा पृष्ठभाग झाडण्याच्या कामीं आले. ह्या एका उलटापालटीनें विजेचा खर्च पुष्कळ उतरला. १९९८ सालीं इंग्लंडांत पोर्लॉक ह्या समुद्रकांठच्या गांवीं ह्या जातीचें केंद्र सुरू झालें, आणि ज्या देशांत सक्रिय गाळ जन्मला, तेथें त्याचा नवा अवतार परत आला. ह्या पद्धतीला आज सर्वत्र ‘मेम्ब्रेन बायोरिॲक्टर’ म्हणतात. पडद्यांचीं छिद्रें साधारणतः एका मिलिमीटरच्या अडीच हजाराव्या भागाएवढीं वा त्याहून लहान असतात. सामान्य जंतु ह्याच्या दुपटीहून मोठा, तो पार होऊं शकत नाहीं. जुन्या टाकींत दर लिटरला दोन ते चार ग्रॅम गाळ राही. पडद्याच्या टाकींत आठ ते बारा ग्रॅम राखतां येतो. थोडक्या जागेंत अधिक कामकरी मावले, आणि तरंगणाऱ्या जंतूलाही प्रथमच घर मिळालें.

घरांत कोण कोण राहतें, हें पाहण्याचीं साधनेंही ह्याच सुमारास सुधारलीं. विनोग्राड्स्कीच्या काळापासून जंतु ओळखावयाचा तो प्रयोगशाळेंत वाढवून. जो वाढला नाहीं, तो जणूं नव्हताच. जंतूंचीं आनुवंशिक द्रव्यें थेट वाचतां येऊं लागल्यावर असें निघालें, कीं नायट्राइटचें नायट्रेट करण्याचें श्रेय ज्या नायट्रोबॅक्टरला पिढ्यान् पिढ्या दिलें, तो सांडपाण्याच्या टाक्यांत बहुधा दुय्यम आहे. खरें काम नायट्रोस्पायरा नांवाचा, सहसा प्रयोगशाळेंत न वाढणारा जंतु करीत होता. २०१५ सालीं तर ह्याच कुळांतले कांहीं जंतु दोन्हीं पायऱ्या एकट्यानेंच चढतात, असें सिद्ध झालें; सव्वाशें वर्षें शिकविलेला श्रमविभाग अटळ नव्हता. २०१९ सालीं २३ देशांतील २६९ केंद्रांच्या गाळाची पाहणी प्रसिद्ध झाली. जगांतील सक्रिय गाळांत सुमारें शंभर कोटि प्रकारचे जंतु असावेत, असा तिचा अंदाज. आणि तरीही सर्वत्र ठळकपणें आढळणारे प्रकार केवळ २८.

पडद्यानें सर्व प्रश्न मात्र मिटविले नाहींत. जे जंतु त्यानें अडविले, तेच आपल्या चिकट द्रवानें त्याचीं छिद्रें बुजवितात. तो धुण्यास क्लोरिनयुक्त द्रव्य लागतें. झाडण्यास हवा लागते. आणि हवेला वीज लागते. गाळ फार दाट झाला, कीं प्राणवायु त्यांत नीट विरघळत नाहीं. गाळाचें वय फार वाढविलें, तर पाहुण्यांच्या मानानें अन्न अपुरें पडून वस्ती उपाशी राहते आणि तिचें बळ घटतें. म्हणजे न राखणें जसें चूक, तसें सर्व कांहीं राखणेंही चूकच. रोज किती गाळ काढावा, हा डेव्हीह्यूमचा प्रश्न पडदा आल्यावरही जागेवरच आहे. पडद्यानें एवढेंच केलें, कीं त्याचें उत्तर आतां जंतूंच्या लहरीवर न सोडतां माणसाला आपल्या हातानें देतां येतें.

हिंदुस्थानांत ह्या विषयाच्या संशोधनासाठीं नागपूर येथें १९५८ सालीं एक मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. तीच आज ‘नीरी’ ह्या नांवानें ओळखली जाते. परंतु हा विषय आतां केवळ संस्थांचा राहिलेला नाहीं. मोठ्या शहरांतील अनेक निवासी संकुलांना स्वतःचें सांडपाणी स्वतः शुद्ध करावें लागतें, आणि त्यांपैकीं कांहींच्या तळघरांत हेच पडदे बुडालेले आहेत. यंत्र विकत मिळतें. वस्ती विकत मिळत नाहीं. एखाद्या घरानें मोरींत भरमसाट जंतुनाशक ओतलें, किंवा खर्च वांचविण्यासाठीं रात्रीं हवेचें यंत्र बंद ठेवलें, तर जिन्याखालीं अंधारांत उभी राहिलेली ती वस्ती एका रात्रींत दुबळी होते, आणि पुन्हां उभी राहण्यास आठवडे घेते. मँचेस्टरच्या त्या बाटलीला जे पांच आठवडे लागले, ते आजही कोणत्याही किंमतीला विकत घेतां येत नाहींत. एकदां मिळाले म्हणजे जपावे लागतात.